अनुभव मोठा कीं अंगचा गुण?

आंतरशालेय सामन्यांस चार दिवस उरले असतां आमच्या शाळेच्या मैदानावर एक वाद उपस्थित झाला. बास्केटबॉलच्या संघांतील चार जागा निर्विवाद भरल्या होत्या. पांचव्या जागेसाठीं दोन नांवें पुढें होतीं. एक दहावींतील विद्यार्थी, जो मागील दोन्ही वर्षीं अंतिम सामन्यांत खेळलेला. दुसरा आठवींतील, जो त्याच्याहून चपळ, आणि ज्याची फेकही त्याच्याहून अचूक. ही गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य होती. एक पक्ष म्हणे, मोठ्या सामन्याला अनुभव लागतो, तेथें कोंवळ्या पोराचे हातपाय गळतात. दुसरा पक्ष म्हणे, खेळूंच दिलें नाहीं तर अनुभव येणार कोठून? वाद वाढला तेव्हां दोघांनींही अमेरिकेंतील धंदेवाईक संघांचे दाखले बाहेर काढले. कारण त्या संघांचीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस इतिहासाच्या सनावळीपेक्षां अधिक पाठ आहेत. (इतिहासाच्या शिक्षकांनीं हें वाक्य वाचलें नाहीं असें समजावें.)

जवळच एक पालक उभे होते. ते आम्हांस म्हणाले, "अहो, हा वाद नुसता खेळाचा नव्हे. आमचा थोरला पदवी घेऊन दोन वर्षें हिंडतो आहे. जेथें जातो तेथें पहिला प्रश्न, अनुभव किती? तो तरी कोठून आणावा?" त्या गृहस्थांच्या बोलण्यानें आम्हांस विचारांत पाडलें. अनुभवाचें माप खरोखर किती धरावें, हें पाहावयाचें तर ज्या ठिकाणीं प्रत्येक सामन्याची आणि प्रत्येक फेकीची नोंद ठेवलेली असते असें क्षेत्र बरें. आणि तसें क्षेत्र मुलांनीं आयतेंच काढून दिलें होतें.

ज्यांस या खेळाची फारशी माहिती नाहीं अशा पालकांसाठीं दोन शब्द. हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें काढला. थंडीच्या दिवसांत व्यायामशाळेंत कोंडून पडलेल्या तरुणांना रमवावें कसें, ही त्याची अडचण. म्हणून सज्जाच्या कठड्याला पीचच्या फळांच्या टोपल्या ठोकून त्यानें त्यांत चेंडू टाकावयास लावला. आज तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या संस्थेंत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामांत ८२ सामने खेळतो, आणि त्यांतून निवडलेले १६ संघ अजिंक्यपदाच्या फेऱ्यांत शिरतात. या फेऱ्यांस प्लेऑफ म्हणतात. तेथें एका सामन्यानें निकाल लागत नाहीं. त्याच प्रतिस्पर्ध्याशीं अधिकांत अधिक सात सामने, आणि आधीं चार जिंकेल तो पुढें. अशा चार पायऱ्या चढून १६ विजय मिळवील तो अजिंक्य. याच संस्थेचे इंडियाना आणि सॅक्रमेंटो हे संघ २०१९ च्या ऑक्टोबरांत मुंबईस वरळी येथें हंगामापूर्वींचे दोन सामने खेळून गेले. दोन्ही इंडियानानें जिंकले. त्या इंडियानाचें नांव पुढें पुन्हां येईल.

अनुभववाद्यांची बाजू आधीं मांडूं, कारण ती वजनदार आहे. डेट्रॉइटचा संघ १९८७ सालीं बॉस्टनशीं खेळत होता. मालिकेच्या पांचव्या सामन्यांत एका गुणाची आघाडी, उरलेले सेकंद पांच, आणि चेंडू आपल्याच हातीं. अशा वेळीं डेट्रॉइटच्या आयझेया टॉमसनें बाहेरून आंत टाकलेला चेंडू बॉस्टनच्या लॅरी बर्डनें मध्येंच झडपला, सोबत्यास दिला, आणि सामना गेला. पुढें मालिकाही गेली. दुसऱ्या वर्षीं, १९८८ त, तोच संघ अंतिम मालिकेंत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाविरुद्ध तीन-दोन असा पुढें असतां शेवटचे दोन्ही सामने हरला. नंतर मात्र १९८९ आणि १९९० अशीं लागोपाठ दोन अजिंक्यपदें त्यानें घेतलीं. या मधल्या काळांत तोच डेट्रॉइट दुसऱ्या एका संघाचा कठोर गुरु झाला होता. शिकागोचा संघ आणि त्यांतील मायकेल जॉर्डन यांस त्यानें १९८८, १९८९ आणि १९९० अशीं सलग तीन वर्षें बाहेर काढलें. १९९१ सालीं शिकागोनें डेट्रॉइटला चार-शून्य असें हरविलें आणि आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. शेवटच्या सामन्यांत कांहीं सेकंद उरले असतांच डेट्रॉइटचे बहुतेक प्रमुख खेळाडू हस्तांदोलन न करतां निघून गेले. दोन वेळां अजिंक्य झालेल्या संघास हें शोभलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. आमच्या मुलांनीं यांतलें कांहीं उचलावयाचें असेल तर हें उचलूं नये.

बॉस्टनचें अलीकडचें उदाहरण याच जातीचें. २०२२ च्या अंतिम मालिकेंत त्यांच्या संघांतील एकाही खेळाडूनें पूर्वीं अंतिम मालिकेचा सामना खेळलेला नव्हता, आणि समोर तर तीन अजिंक्यपदें मिळविलेल्या मंडळींचा गोल्डन स्टेटचा संघ. बॉस्टन चार-दोन असें हरलें. पुढल्या वर्षीं अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावरच मायामीनें त्यांना सातव्या सामन्यांत घरच्या मैदानावर अडविलें. आणि २०२४ सालीं त्याच मंडळींनीं डॅलसला चार-एक असें नमवून अजिंक्यपद घेतलें. पुढच्यास ठेंच मागचा शहाणा, अशी म्हण आहे. येथें पुढचाही तोच आणि मागचाही तोच.

ठेंच लागून नेमकें शिकतात काय, हें समजून घेण्यासारखें आहे. हंगामाच्या ८२ सामन्यांत आज एक प्रतिस्पर्धी, परवां दुसरा. तुमचें व्यंग हुडकून काढण्यास कोणासच फुरसत नसते. प्लेऑफमध्यें तोच संघ दोन आठवडे समोर ठाकतो. एखादा खेळाडू डावीकडे वळावयास कचरतो, एखाद्याचे पाय बचावांत जड पडतात, हें पहिल्या दोन सामन्यांत उघडकीस येतें, आणि तिसऱ्या सामन्यापासून प्रत्येक चाल त्याच जागीं घाव घालते. शकील ओनील हा एवढा धिप्पाड गडी कीं टोपलीजवळ त्यास अडविणारा माणूस मिळेना. पण फ्री थ्रोच्या फेकींपैकीं त्याच्या निम्म्याहून थोड्याच अधिक टोपलींत पडत. तेव्हां प्रतिपक्ष त्याला मुद्दाम धक्का देऊन त्या रेषेवर उभा करीत. असा छळ सोसला म्हणजे माणूस एक तर तें व्यंग घालवितो, नाहीं तर त्याच्याभोंवतीं दुसरा डाव रचावयास शिकतो. अनुभव या शब्दाचा आमच्या मतें हाच अर्थ. नुसतें तेथें जाऊन आलें, प्रेक्षकांची आरोळी ऐकली, एवढ्यानें अनुभव होत नाहीं. नाहीं तर बाकावर बसून पाणी देणाराही अनुभवीच म्हणावा लागेल.

आतां दुसऱ्या पक्षाचें ऐकूं. पोर्टलंडचा संघ १९७० सालीं संस्थेंत आला आणि पहिलीं सहा वर्षें त्याला प्लेऑफचें दार उघडलें नाहीं. १९७७ त तें प्रथमच उघडलें, आणि त्याच वर्षीं तो अजिंक्य झाला. अंतिम मालिकेंत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने हरून नंतरचे चारही त्यानें सलग जिंकले. अननुभवी संघ पहिल्या तडाख्यांत कोलमडतो असें म्हणणारांनीं या मालिकेचा निकाल एकदां पाहावा. तीन वर्षांनीं, १९८० सालीं, लेकर्सचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार पांचव्या सामन्यांत पाय मुरगळून घरीं राहिला, तेव्हां सहाव्या सामन्यांत त्याच्या जागीं मध्यभागीं उभा राहिला तो मॅजिक जॉन्सन. वय वीस, धंदेवाईक खेळांतलें पहिलेंच वर्ष. त्यानें ४२ गुण केले, १५ वेळां परतलेला चेंडू हस्तगत केला, आणि फिलाडेल्फियाच्या मैदानावर अजिंक्यपद खेंचून आणलें. येथें अनुभववादी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे: आदल्याच वर्षीं तो महाविद्यालयांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत जिंकून आलेला होता, तेव्हां मोठ्या गर्दीचें त्याला नवल नव्हतें. बरें, मग २०१५ चें गोल्डन स्टेट घ्या. त्या संघांतील एकानेंही आधीं अंतिम मालिका खेळलेली नव्हती. समोरच्या क्लीव्हलंडचा लेब्रॉन जेम्स सलग पांचव्या वर्षीं अंतिम मालिकेंत उतरला होता. जिंकलें गोल्डन स्टेट. येथेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे कीं क्लीव्हलंडचे दोन प्रमुख खेळाडू जखमी होऊन बाहेर पडले होते.

आणि ज्या २०२२ च्या मालिकेचा अनुभववादी एवढा गवगवा करतात, तिचा पहिला सामना कोणीं जिंकला? त्याच कोऱ्या पाटीच्या बॉस्टननें, तेंही परक्या मैदानावर, आणि शेवटच्या चतुर्थांशांत ४० विरुद्ध १६ गुण करून. अनुभवाच्या अभावीं छाती धडधडावयाचीच असेल तर ती पहिल्याच दिवशीं धडधडावयास हवी होती. मालिका गेली ती पुढें, जेव्हां चौथ्या सामन्यांत स्टीफन करीनें बॉस्टनच्या घरीं ४३ गुण केले. करी अनुभवी होता हें खरें. पण त्या ४३ गुणांचें श्रेय अनुभवास द्यावें, कीं दीर्घ अंतरावरून त्याच्याइतकी अचूक फेक करणारा दुसरा कोणी झालाच नाहीं या गोष्टीस द्यावें?

येथें या वादाची खरी गांठ आहे, आणि ती सोडविल्याशिवाय दाखल्यांची रास कितीही वाढविली तरी व्यर्थ. प्लेऑफचा अनुभव कोणापाशीं सांचतो? जो संघ आधींच चांगला आहे त्याच्यापाशीं. दुबळा संघ प्लेऑफला जातच नाहीं, आणि गेला तर चार सामन्यांत परततो. तेव्हां अनुभवी संघ जिंकला असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळ वेळां गुणी संघ जिंकला एवढेंच म्हणत असतों. शिवाय, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं जे खेळतांना दिसतात ते निवडून उरलेले असतात. ज्यांना जमलें नाहीं ते केव्हांच घरीं गेले, त्यांना कोणी मोजीत नाहीं. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडली, म्हणून कावळ्याच्या वजनाचें कौतुक करण्यासारखेंच हें आहे.

शिकागोचेंच पाहा. १९८८ आणि १९९१ यांच्या दरम्यान त्यांना केवळ तीन पराभवांचा अनुभव मिळाला असें नाहीं. स्कॉटी पिपन आणि होरेस ग्रँट हे दोघे बावीस वर्षांचे होते ते पंचविशींत आले, नवा प्रशिक्षक फिल जॅक्सन आला, त्यानें चेंडू एकट्या जॉर्डनच्या हातीं न ठेवतां सर्वांत फिरविणारी नवी पद्धति बसविली, जॉर्डननें व्यायाम करून अंग भरलें. आणि इकडे डेट्रॉइटचे गडी थकत चालले होते. यांतून अनुभवाचा वाटा वेगळा काढून तराजूंत कसा घालावा? तसेंच बॉस्टनचें. २०२४ पूर्वीं त्यांनीं क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि जरू हॉलिडे हे दोन कसलेले खेळाडू नव्यानें आणले होते, आणि हॉलिडे तर २०२१ चें अजिंक्यपद मिळवून आलेला. नुसत्या ठेंचांनींच शहाणपण आलें असें नाहीं. संघही अधिक बलवान् झाला होता.

उलट, केवळ अनुभवानेंच अजिंक्यपद मिळत असतें तर युटाचा जॉन स्टॉक्टन कधींच अजिंक्य व्हावयास हवा होता. तो १९ हंगाम खेळला आणि एकोणीसच्या एकोणीस वेळां प्लेऑफमध्यें उतरला. त्याचा जोडीदार कार्ल मलोन बरोबरच होता. १९९७ आणि १९९८ सालीं ते अंतिम मालिकेपर्यंत पोंचले आणि दोन्ही वेळां शिकागोकडून हरले. पुढें मलोन अजिंक्यपदाच्या आशेनें लेकर्सकडे गेला. ओनील, कोबी ब्रायंट, गॅरी पेटन आणि मलोन अशी चार नामांकितांची पंगत. २००४ च्या अंतिम मालिकेंत डेट्रॉइटच्या नव्या संघानें तिला चार-एक असें उठवून लाविलें. मलोनचा गुडघा दुखावलेला होता हें मान्य. पण उन्हाळे-पावसाळे अधिक पाहिले म्हणजे गुडघेही अधिक दुखावतात, हें अनुभवाच्या हिशेबांत धरावयाचें कोणीं?

या विषयांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलेली हकीकत ब्रुकलिनची आहे. २०१३ च्या उन्हाळ्यांत ब्रुकलिनच्या संघानें अनुभव विकत घ्यावयाचें ठरविलें. बॉस्टनचे केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स, दोघेही २००८ चे अजिंक्यवीर, एक सदतीस वर्षांचा आणि दुसरा छत्तिशीला आलेला, हे त्यानें मागून घेतले. त्यांच्या बदल्यांत दिलें काय? पुढील वर्षांत महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड करण्याचा आपला हक्क, तोही एकदां नव्हे, अनेक वर्षांचा. सौद्याचा पहिला हप्ता तर पदरांत पडला. २०१४ च्या पहिल्याच फेरींत टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यांत, एका गुणाची आघाडी असतां, शेवटच्या क्षणीं पिअर्सनेंच प्रतिस्पर्ध्याची फेक हातानें अडविली. पाहा, म्हातारा कामास आला, असें ब्रुकलिनच्या लोकांनीं म्हटलें असेल, आणि तें खोटेंही नव्हतें. परंतु पुढच्या फेरींत मायामीनें चार-एक असा निकाल लाविला; गार्नेट आणि पिअर्स लवकरच निघून गेले; आणि त्या विकलेल्या हक्कांतून बॉस्टनच्या हातीं २०१६ त जेलन ब्राउन आणि २०१७ त जेसन टेटम हीं एकोणीस वर्षांचीं दोन पोरें लागलीं. २०२४ चें बॉस्टनचें अजिंक्यपद आणणारे प्रमुख खेळाडू तेच. ब्राउन तर त्या अंतिम मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉस्टनचा अनुभव बॉस्टनच्याच भूमींत पिकला. ब्रुकलिननें तो हंगाम सरतांना चढ्या भावानें घेतला.

यावरून अनुभव निरुपयोगी, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाहीं. २०२५ सालचा अजिंक्य संघ ओक्लाहोमा सिटीचा. १९७७ च्या पोर्टलंडनंतर इतका तरुण संघ अजिंक्य झालेला नव्हता. हंगामांत त्यानें ८२ पैकीं ६८ सामने जिंकले होते; म्हणजे गुणाविषयीं शंकाच नको. तरी आदल्या वर्षीं तोच संघ दुसऱ्या फेरींत डॅलसकडून चार-दोन असा हरला होता. ती ठेंच खाल्ल्यावर संघाच्या चालकांनीं आपल्यांतला एक तरुण खेळाडू देऊन शिकागोहून ॲलेक्स करूसो याला आणलें. हा २०२० मध्यें लेकर्सबरोबर अजिंक्य झालेला. अजिंक्यपद पाहिलेला संघांत तो एकटाच. डेन्व्हरविरुद्ध दुसऱ्या फेरीचा सातवा सामना आला, तेव्हां निकोला योकिच या महाकाय आणि चतुर खेळाडूच्या अंगाला भिडावयास उभा केला तो हाच, त्याच्याहून जवळजवळ अर्धा फूट बुटका असूनही. चेंडू येण्यापूर्वींच तो कोठें येणार हें जाणून पाय रोंवावयाचे, एवढेंच त्याचें काम. आणि तें तो करीत राहिला. सामना १२५ विरुद्ध ९३ असा सुटला.

मग अंतिम मालिका, आणि समोर तेंच इंडियाना. पहिल्या सामन्यांत ओक्लाहोमा सारा वेळ आघाडीवर होतें, ०.३ सेकंद उरले असतां टायरीस हॅलिबर्टननें फेक टाकली आणि इंडियानानें १११ विरुद्ध ११० असा सामना हिरावून नेला. अननुभवाचें फळ, असें दुसऱ्या दिवशीं पुष्कळांनीं म्हटलें. चौथ्या सामन्याच्या अखेरीस ओक्लाहोमा पुन्हां मागें पडलेलें, आणि तो सामना जाता तर मालिका तीन-एक. अशा वेळीं शे गिल्जस-अलेक्झांडरनें शेवटच्या पांच मिनिटांत १५ गुण केले. २२ जूनच्या सातव्या सामन्यांत १०३ विरुद्ध ९१ असा निकाल लागून अजिंक्यपद ओक्लाहोमाकडे गेलें. हॅलिबर्टन त्या सामन्याच्या आरंभींच टांचेची शीर तुटून पडला होता, हें दुर्दैवही त्यांत होतें. त्रेसष्ट दिवसांपूर्वीं त्या पोरांपाशीं जो अनुभव नव्हता, असें लोक म्हणत, तो त्यांनीं त्याच मालिकांत खेळतां खेळतां मिळविला.

सरावाची गोष्ट राहिलीच. २०१३ च्या अंतिम मालिकेंत सॅन अँटोनिओचा संघ अजिंक्यपदापासून २८ सेकंदांवर होता, पांच गुणांनीं पुढें. टिम डंकनच्या नांवावर चार अजिंक्यपदें जमा. त्याहून अनुभवी संघ त्या वर्षीं नव्हता. तरी हातीं येणारे चेंडू निसटले, फ्री थ्रो हुकले, आणि ५.२ सेकंद उरले असतां मायामीच्या रे ॲलननें मागें मागें पावलें टाकीत कोपऱ्यांत जाऊन, खालीं न पाहतां, तीन गुणांची फेक टोपलींत टाकली. ॲलनही सदतीस वर्षांचा अनुभवी, असें अनुभववादी म्हणतील. पण त्या क्षणीं त्याचे पाय ज्या रेषेमागें बिनचूक थांबले, तें त्यानें मोकळ्या मैदानावर, प्रेक्षक नसतांना, वर्षानुवर्षें घटविलेलें होतें. तें काम अनुभवाच्या खात्यावर कां मांडावें?

आमचें मत विचाराल तर तें असें. दोन संघ गुणांनीं तुल्यबल असले तर जो एकत्र हरला आहे, आणि आपण कां हरलों हें ज्याला नेमकें ठाऊक आहे, त्याच्यावर आम्ही पैज लावूं, (पैज हा शब्द येथें केवळ अलंकारिक आहे.) तुल्यबल नसले तर गुणावर. आणि निव्वळ वर्षांची गणती करून ज्याच्या नांवापुढें अधिक वर्षें त्याला जागा देणें, यांत अनुभवाचा मान नाहीं. यांत केवळ निवडणाराची सोय आहे, कारण अनुभवी माणूस चुकला तर निवडणारास कोणी बोल लावीत नाहीं. नोकरी देणारांचेंही बहुधा असेंच असावें, असें त्या पालकांस आम्हीं सांगितलें. त्यांना त्यानें फारसा दिलासा मिळाला असें दिसलें नाहीं.

आमच्या मैदानावरील वादाचें पुढें काय झालें, हें वाचकांस ठाऊक असेल, नसेल. आमचें मत कोणीं विचारलें नव्हतें. पांचव्या जागेवर दहावींतील विद्यार्थ्याची निवड झाली. तो मन लावून खेळला. संघ उपान्त्य सामन्यांत दोन गुणांनीं हरला. एका सामन्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, तेव्हां त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. आठवींतील विद्यार्थी दोन्ही अर्धांत बाकावर बसून होता. जूनमध्यें तो नववींत जाईल, पुन्हां निवड होईल, आणि मोठ्या सामन्यांच्या अनुभवाचा रकाना त्याच्या नांवापुढें तेव्हांही कोराच असेल.